बुळकांडीनंतरचं गवत

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेकडे मोरू नावाची दगडी टेकाडं आहेत. सपाट माळावर मध्येच ग्रॅनाइटचे घराएवढे गोलसर धोंडे एकमेकांना रेलून उभे असतात. त्यांच्या फटींतून झाडं निघालेली, पाठीवर सरडे ऊन खात पडलेले. त्यातल्या एका कपारीत मान वर केली की ढाली दिसतात. लाल, पांढऱ्या आणि काळ्या रंगांत काढलेल्या लांबट मासाई ढाली. मासाई तरुण, ज्यांना तिकडे मोरान म्हणतात, इथं एकत्र जमत, बैल कापून मांस खात आणि कधीतरी खडकावर आपल्या ढाली रेखून ठेवत. थोड्या अंतरावर खळगे पडलेला एक मोठा धोंडा आहे, दुसऱ्या दगडानं ठोकला की तो घंटेसारखा वाजतो. त्याचा आवाज माळावर लांबपर्यंत जातो.

आज या टेकाडांभोवती काळ्या गेंड्यांवर पहारा असतो. मासाई गुराख्याला मात्र इथं यायला परवानगी नाही. 1959 पासून नाही.

त्या ढाली पाहिल्यानंतर पुढचा सगळा माळ मी वेगळ्या नजरेनं पाहत गेले. पुण्या-मुंबईहून आता दर पावसाळ्यात शेकडो माणसं केनिया-टांझानियाला जातात, आणि बहुतेकांच्या मनात तिथलं एकच चित्र असतं: माणसाचा हात न लागलेली, सृष्टीच्या आरंभापासून तशीच राहिलेली भूमी. माझ्याही मनात तेच होतं. पण हा माळ हजारो वर्षं चराऊ कुरण आहे. मासाईंच्या आधी इथं दातोगा गुरं चारत, त्यांच्या आधी आणखी कुणी. कोरड्या ऋतूत गवताला आग लावायची, म्हणजे जुनं वठलेलं गवत जातं, गोचीड मरतात आणि पावसाबरोबर कोवळा फुटवा येतो, हे इथल्या गुराख्यांना कधीपासून ठाऊक होतं. तो फुटवा गाय खाते तसा झेब्राही खातो.

फेब्रुवारीत मी न्दुतूच्या तळ्याभोवतीच्या माळावर होते. ते दिवस विल्डबीस्टच्या विण्याचे. सेरेंगेटी आणि केनियातलं मारा मिळून तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट वर्षभर पाऊस आणि गवत यांच्या मागे गोल फिरत असतात, आणि पावसाळ्यात ते या दक्षिणेच्या आखूड गवतावर उतरतात. इथंच का, याचं उत्तर जमिनीत आहे. पूर्वेला ओल्डोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी आहे, मासाईंच्या देवाचा, एन्काईचा डोंगर. त्याची राख वाऱ्यानं हजारो वर्षं या माळावर येऊन पडली. त्या राखेचा खाली टणक थर झाला, त्यात झाडांची मुळं शिरत नाहीत, म्हणून मैलोगणती झाड नाही. पण वरच्या वीतभर मातीत उगवणाऱ्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच लागतं. शिवाय गवत आखूड आणि झाड नाही, म्हणून सिंहाला दबून बसायला आडोसा नाही.

एक मादी आमच्या गाडीपासून जवळच व्याली. आधी ती दोनतीनदा बसली, उठली, स्वतःभोवती फिरली. मग वासराचे पुढचे पाय दिसले, मग डोकं, आणि ती उभी असतानाच ते ओलं, तपकिरी बोचकं जमिनीवर आदळलं. तिनं लगेच चाटायला सुरुवात केली. वासरू पुढच्या पायांवर उठलं, कोसळलं, पुन्हा उठलं. पाच-सात मिनिटांत ते लटपटत आईच्या पोटाखाली शिरत होतं. आईची वार अजून पडायची होती, गिधाडं त्यासाठी आधीच येऊन बसली होती. माळावर जिथं नजर टाकावी तिथं हेच चाललं होतं. दोनतीन आठवड्यांत लाखो वासरं जन्माला येतात. तरस, कोल्हे, सिंह, चित्ते खाऊन खाऊन किती खाणार? सगळ्यांनी एकदम जन्माला येणं हाच त्यांचा बचाव आहे. आमच्या गाडीत कुणी बोलत नव्हतं. एक आजी मात्र हात जोडून पुटपुटत राहिल्या, सुटली बाई, सुटली.

याच दिवसांत मासाई आपली गुरं या माळापासून लांब ठेवतात. विल्डबीस्टच्या नवजात वासरांबरोबर एक विषाणू येतो. विल्डबीस्टला त्यानं काही होत नाही, गाईला मात्र जीवघेणा ताप येतो. म्हणून वर्षातलं सगळ्यात कसदार गवत या महिन्यांत त्यांनी जंगली जनावरांना सोडायचं आणि आपली गुरं उंचावरच्या बरड रानात न्यायची. वाटणीचा हा रिवाज कुठल्याही अभयारण्याच्या कायद्यापेक्षा जुना आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यात दोघांनाही जागा आहे.

गुरं आणि विल्डबीस्ट यांची गोष्ट आणखी एका रोगानं बांधली आहे, आणि तो रोग आपल्या ओळखीचा आहे. बुळकांडी. माण तालुक्यातले माझे आजोबा हे नाव घेताना आवाज खाली आणत. डोळे-नाक वाहायला लागलं, तोंडात फोड आले, जुलाब सुटले की आठ-दहा दिवसांत दावण रिकामी. 1887 च्या सुमारास ही बुळकांडी आफ्रिकेच्या शिंगात, आजच्या इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरली. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर ती आली, आणि ती गुरं भारतातून आली होती असं बरेच इतिहासकार मानतात. तिथून दहा वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. या वाटेवरच्या जनावरांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. गाईबैल गेले, म्हशीसारखे ते जंगली आफ्रिकी गवे गेले, विल्डबीस्ट गेले. मासाईंची बहुतेक गुरं मेली, पाठोपाठ देवीची साथ आणि दुष्काळ आला. मासाई त्या काळाला एमुताई म्हणतात, सर्वनाशाचा काळ.

1892 साली ऑस्कर बाउमन हा ऑस्ट्रियन प्रवासी सेरेंगेटीशेजारच्या न्गोरोन्गोरोच्या विवराजवळ पोचला. ते विवर पाहणारा पहिला युरोपीय म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण त्यानं लिहून ठेवलं आहे ते हाडांचे सापळे झालेल्या बायकामुलांबद्दल, उभंही न राहवणाऱ्या लढवय्यांबद्दल, मांसाच्या तुकड्यासाठी आपली मुलं देऊ करणाऱ्या आईबापांबद्दल. आज त्याच विवराच्या कडेवर न्याहारीच्या टेबलाशी बसून खालचे हत्ती दुर्बिणीतून दाखवतात. मी तिथं बसले तेव्हा बाउमनचं ते वर्णन मनातून हलेना.

गुरं मेली, माणसं मेली, उरलेली विखुरली. चरणारं तोंड नाही आणि आग लावणारा हात नाही म्हटल्यावर माळावर झुडपं माजली. झुडपांबरोबर त्सेत्से माशी आली आणि तिच्या भीतीनं माणूस आणखी दूर गेला. नंतर आलेल्या गोऱ्या शिकाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी हे रिकामं रान पाहिलं आणि ते त्याला आदिम अरण्य समजले. खरं तर ते एका साथीनंतरचं ओसाड गाव होतं. पुढची सगळी संरक्षणाची कल्पना या समजावर उभी राहिली, आणि माझ्या मते दुखण्याचं मूळ तिथं आहे.

या गोष्टीचा दुसरा भाग आनंदाचा आहे. कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संस्थेत 1920 च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळीतून पिढ्यानपिढ्या चालवून बुळकांडीचा विषाणू सौम्य केला. ती लस भारतात चालली आणि पुढे आफ्रिकेतही त्याच पद्धतीची वापरली गेली. मग नैरोबीजवळच्या मुगुगात वॉल्टर प्लोराइट यांनी अधिक सुरक्षित लस तयार केली. सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचली, आणि 1963 च्या आसपास जंगली जनावरांतूनही बुळकांडी नाहीशी झाली, त्यांना कुणी सुईसुद्धा लावली नव्हती. रोग गुरांतून जंगलात जात होता, गुरं वाचली तसं जंगलही वाचलं. 1961 मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1977 पर्यंत तेरा लाख झाले. एवढी तोंडं गवत खाऊ लागल्यावर वणव्यांना जळण कमी पडलं, आगी कमी झाल्या, आणि उत्तरेच्या भागात रोपटी तगून झाडं वाढली. न्दुतूच्या माळावर मी जे लाखांचं बाळंतपण पाहिलं त्यामागे दारोदार जाऊन मासाईंच्या गाईंना टोचणारे पशुवैद्यक आहेत, आणि आपल्या गाई धरून उभे राहिलेले मासाईही आहेत. 2001 मध्ये केनियातल्या मेरू अभयारण्यातल्या जंगली गव्यांत बुळकांडी शेवटची दिसली. 2011 साली ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांची देवी आणि गुरांची बुळकांडी, एवढे दोनच रोग आपण आजवर पृथ्वीवरून पुसू शकलो आहोत. आजोबा तेव्हा असते तर त्यांनी गोठ्यात नारळ फोडला असता.

न्गोरोन्गोरोच्या विवराच्या कडेवर, मोटाररस्त्याला लागून, दगडांचा एक साधा ढीग आहे. तिथं मिखाएल ग्रझिमेक आणि त्याचे वडील बर्नहार्ड यांची थडगी आहेत. या जर्मन बापलेकांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीतली जनावरं मोजली. जानेवारी 1959 मध्ये विमान गिधाडावर आदळून मिखाएल गेला. तो चोवीस वर्षांचा होता. बापानं काम पुरं केलं; त्यांच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि सेरेंगेटी हे नाव जगभर पोचलं. मुलाला पुरून पुन्हा कामाला लागणाऱ्या त्या माणसापुढे माझं डोकं झुकतं. पण राष्ट्रीय उद्यानात माणूस नको, तिथला मूळ रहिवासीसुद्धा नको, हा त्यांचा आग्रह मला मान्य होत नाही. त्यांनी हवेतून जनावरं मोजली. जमिनीवरच्या माणसांशी त्यांच्या गवताबद्दल कुणी पुरेसं बोललं नाही.

1958 मध्ये काही मासाई वडीलधाऱ्यांनी एका करारावर अंगठे उमटवले. सेरेंगेटी सोडायची, त्याबदल्यात न्गोरोन्गोरोच्या 8,000 चौरस किलोमीटरहून अधिक भागात गुरांसह राहायचं. पुढच्या वर्षी ब्रिटिश गव्हर्नरनं त्यांना सांगितलं की तिथं माणसाच्या आणि जनावराच्या हितात कधी विरोध आला तर माणसाचं हित वरचढ राहील. 1974 मध्ये विवराच्या तळाशी राहणाऱ्या कुटुंबांना वर काढलं गेलं. 2009 च्या सुमारास शेती बंद झाली, अंगणातला मका-वालसुद्धा. नंतर विवरात पाण्याला आणि मिठाला गुरं नेणंही थांबवलं. खारट माती चाटल्याशिवाय गाय धड दूध देत नाही, हे गुरं राखणाऱ्या कुणालाही पटवावं लागत नाही.

न्गोरोन्गोरोतल्या एका मासाई वस्तीवर आम्ही गेलो. काट्यांच्या फांद्यांचं कुंपण, आत गोलाकार बुटकी घरं, मध्ये गुरांचा वाडा. पुरुष ओळीनं उभे राहून उंच उड्या मारत नाचले, बायकांनी गळ्यातल्या मण्यांच्या चकत्या खांद्यांवर उसळवत गाणं म्हटलं. हे सगळं ठरलेलं होतं, गाडीमागे पैसे ठरलेले होते, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. ज्यांची शेती बंद झाली आणि चराई आक्रसली त्यांनी पाहुण्यांकडून दोन पैसे मिळवले तर तो त्यांचा हक्क आहे. मला टोचलं ते वेगळं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत सिंह, गेंडा, हत्ती यांच्या खालची ओळ मासाई अशी होती. सगळेजण तिथंही त्याच लांब भिंगांनी फोटो काढत होते.

एक मुलगा माझ्यासमोर येऊन डोकं खाली करून उभा राहिला. डोक्याला हात लावायचा असतो, वडीलधाऱ्यांना ते असाच नमस्कार करतात. मी हात ठेवला. मग त्याच्या आईनं मला घरात बोलावलं. ही घरं बायकाच बांधतात, फाटे रोवून, त्यावर शेण-माती लिंपून. आत अंधार, चुलीचा धूर, एका बाजूला कातड्याची बाज, दाराजवळच्या कप्प्यात कोवळी वासरं. शेणाचा, दुधाचा, धुराचा तो मिसळलेला वास मला थेट आजोळच्या गोठ्यात घेऊन गेला. अरुषाला कॉलेजात शिकणारा तिचा दीर आमचं बोलणं इंग्रजीत सांगत होता.

तिनं पहिला प्रश्न विचारला, तुमच्याकडे गुरं किती?

मी म्हटलं, एकही नाही. आजोबांची होती, खिल्लार बैलांची जोडी आणि दोन गाई.

ती म्हणाली, मग मेली कशानं?

मेली नाहीत, दुष्काळात विकली, असं मी सांगितल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मासाईंची श्रद्धा आहे की जगाच्या सुरुवातीला एन्काईनं कातड्याच्या वादीवरून गुरं आभाळातून खाली सोडली आणि त्यांच्या स्वाधीन केली. देवानं हाती दिलेली शेवटची गाय कुणी विकतं, हे तिला समजून घ्यायचं होतं. चारा किती दूर होता, पाणी कुठून आणत, छावणी म्हणजे काय, सरकार चारा देतं तर मग विकायची वेळ का आली. तिचे प्रश्न इतके नेमके होते की मला आजोबांना विचारायच्या राहिलेल्या कितीतरी गोष्टी तिनं माझ्याकडून काढून घेतल्या. त्या अर्ध्या तासात पाहणारी ती होती.

न्गोरोन्गोरोच्या नैर्ऋत्येला, एयासी सरोवराच्या काठच्या झुडुपी रानात हाड्झा राहतात. ते सगळे मिळून हजार-बाराशे. ते गुरं पाळत नाहीत, पेरत नाहीत. कंद, बोरं, बाओबाबची फळं, मध आणि बाणानं मारलेली शिकार यावर त्यांचं चालतं. त्यांची भाषा जगातल्या कुठल्याही भाषेच्या नात्यात बसत नाही. आम्ही पहाटे त्यांच्या मागून चाललो. एकानं विशिष्ट शीळ घातली, थोड्या वेळानं एक करडा पक्षी जवळच्या झाडावर येऊन किचकिचू लागला आणि एका झाडावरून दुसऱ्यावर पुढे जाऊ लागला. हा मधाची वाट दाखवणारा पक्षी. माणूस धूर करून पोळं उतरवतो, मेण आणि अळ्या पक्ष्याला मिळतात. बाणांची लोखंडी टोकं शेजारचे दातोगा लोहार मोडीतून घडवतात, त्यांना बदल्यात मध मिळतो.

इथं माझ्या मनातली सोपी वाटणी टिकली नाही. हाड्झांच्या रानात शिरणारी गुरं त्याच दातोगांची आणि इतर गुराख्यांची असतात. ती पाणवठे आटवतात आणि बोरीची झुडपं ओरबाडतात. मांगोलाच्या बाजूनं पाटाच्या पाण्यावरची कांद्याची शेती पुढे सरकते आहे. गाय वाचली की सगळंच वाचलं असं नाही. पण 2011 मध्ये याएडा खोऱ्यातल्या हाड्झांना त्यांच्या जमिनीचा परंपरागत हक्काचा सरकारी कागद मिळाला आणि तिथल्या रानाची राखण तेच करू लागले. माणसाला बाहेर काढल्याशिवाय रान राखता येतं, आणि त्यासाठी आधी त्याच्या हातात कागद द्यावा लागतो, हे मला तिथं दिसलं.

वस्तीवरच्या त्या कॉलेजच्या मुलाशी माझं नंतरही बरंच बोलणं झालं. मी त्याला ताडोबाबद्दल सांगितलं. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो तारू हा गोंडांचा मुखिया होता, वाघाशी झुंजताना तो गेला आणि तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे. आणि त्याच ताडोबातून बोटेझरी, नवेगाव अशी गावं उठली आहेत. तो म्हणाला, म्हणजे तुमच्याकडेही देव आत आणि माणसं बाहेर.

न्गोरोन्गोरोत आज लाखभर माणसं आहेत, 1960 च्या दशकात ती आठ-दहा हजार होती. सरकार म्हणतं, जनावरांवर ताण येतो. हा प्रश्न खोटा नाही. पण उत्तर म्हणून 2022 पासून कुटुंबांना सुमारे 600 किलोमीटर दूर म्सोमेरा इथं हलवलं जात आहे, आणि मागे राहिलेल्यांच्या शाळा-दवाखान्यांचे पैसे आटत गेले. ऑगस्ट 2024 मध्ये एका सरकारी आदेशानं त्यांच्या गावांची नावंच यादीतून गेली आणि मतदानाचा हक्क संपायची वेळ आली, तेव्हा हजारो मासाई सेरेंगेटीला जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले. पर्यटकांच्या गाड्या अडकल्या. त्यानंतर काही दिवसांत अरुषाच्या न्यायालयानं तो आदेश स्थगित केला.

त्या मुलाला आमच्या कायद्याबद्दल जाणून घ्यायचं होतं. मी त्याला 2006 चा वनहक्क कायदा सांगितला, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं सांगितलं, की 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानं वही काढली. सीमा कुणी मोजली, ग्रामसभेत बायका बोलतात का, कागद कुणाकडे राहतो, वनखात्याचं पुढे काय झालं. आणि गुरं चारायचा हक्क त्या कायद्यात लिहिलेला आहे का, की नुसता समजून घ्यायचा? लिहिलेला आहे, मी म्हटलं, फिरस्त्या गुराख्यांचाही आहे. गाव उठवायचं झालं तर ग्रामसभेची संमती लेखी लागते, हेही सांगितलं, आणि प्रत्यक्षात ती कशी मिळवली जाते हेही लपवलं नाही. त्यानं लेखी या शब्दाखाली रेघ ओढली आणि विचारलं, ती संमती लिहितो कोण, गाव की साहेब?